एक घोट कमी

१

विश्वास कुणावर ठेवायचा, सांगा बघू? माणसाच्या शब्दावर, आपल्या कानावर, की मापावर? उत्तराची घाई करू नका. सांगलीच्या तवनाप्पांना कुणी हे विचारलं असतं, तर हातातलं फडकं खाली न ठेवता ते म्हणाले असते, "मापावर." माणूस थाप मारतो, कान वाजतात. स्टीलचं माप मात्र दिवाळीला जेवढं असतं तेवढंच शिमग्याला असतं.

तवनाप्पांचं दुकान भांड्यांचं. पुढं दुकान, मागं घर, आणि घराच्या मागं आड. शाळा लवकर सुटली, पण विकलेली प्रत्येक वस्तू त्यांनी आधी स्वतः खोलून बघितलेली. एकदा तासगावाकडची एक बाई मिक्सर घेऊन आली. म्हणाली, "ह्याच्यात माझी मेलेली सासू कण्हतीया." तवनाप्पांनी मिक्सर उलटा केला, सुकलेल्या बुशात तेल सोडलं आणि सुरू करून दाखवला. "घ्या, सासूबाई शांत झाल्या." बाई म्हणाली, "मग नणंदेला पण घिऊन येऊ का?" हा किस्सा ते गिऱ्हाइकांना इतक्यांदा सांगायचे की शेवटी गिऱ्हाईकच त्यांच्या आधी हसायचं. किश्शाचं तात्पर्य त्यांच्या मते एवढंच होतं: घरातल्या प्रत्येक भुताला कुठं ना कुठं एक सैल वायर असते.

घरात माणसं दोनच. तवनाप्पा आणि त्यांची बायको चंदनबाला. चंदनबालांनी व्रत घेतलेलं होतं. पाणी प्यायचं ते घरच्या आडाचं, छन्न्याच्या दुहेरी कापडातून गाळलेलं. नळाचं नाही, बाटलीतलं नाही, पाहुण्याच्या घरचं तर नाहीच. आणि दिवस मावळला की आडाचंही नाही, थेंबसुद्धा नाही. इकडं डॉक्टरांनी बजावलेलं, मूत्रपिंडं नाजूक झालीत, पाणी भरपूर प्या, हयगय केलीत तर महागात पडेल. त्यामुळं उजाडल्यापासून मावळेपर्यंत त्यांच्या हाताशी पितळी पेला असायचा आणि त्या घोट घोट पीत राहायच्या. आड होता म्हणून व्रत होतं, आणि आड होता म्हणून त्याही होत्या. तवनाप्पा आडाला जपायचे ते याचसाठी.

२

कॉफीचं यंत्र बेंगळुरूहून लेकीनं, ब्राह्मीनं पाठवलेलं. टाकीत कपभर पाणी ओतायचं, वर कॉफीची कॅप्सूल बसवायची, बटण दाबायचं. खाली कपभर कॉफी. एका वेळी एकाच माणसाची. तवनाप्पा पहिल्यांदा हसले होते. "आपल्यात पाहुणा आला तर काय त्याला रांगेत उभा करायचा?" पण महिनाभरात सकाळची ती कॉफी त्यांना अशी लागली, की पूजा आटोपली की पाय आपोआप ओट्याकडं वळायचे.

एके दिवशी यंत्र नुसतंच गुरगुरलं. पाणी ओढेना. सर्व्हिसवाल्या पोरीनं फोनवर गोड आवाजात सांगितलं, "सर, मॉडेल जुनं झालं, नवीन घ्या."

"पोरी, दाढ दुखली म्हणून कुणी मुंडकं बदलत नाही," तवनाप्पा म्हणाले आणि पेचकस घेऊन बसले.

आडाचं पाणी जड. नळ्यांमध्ये चुन्यासारखा पांढरा थर धरलेला. लिंबूसत्वाच्या पाण्यानं तो निघाला, पण पंप जळालेला होता. तसला पंप सांगलीत मिळणार नव्हता. मग त्यांना आठवण झाली अर्जुनाची. अर्जुना वडूजचा भंगारवाला, तवनाप्पांचा जुना दोस्त. त्यानं नुकताच कोयनानगरच्या एका बंद पडलेल्या गेस्ट हाऊसमधला माल उचलला होता, आणि त्या ढिगाऱ्यात असंच एक यंत्र पडलेलं त्यांनी बघितलं होतं.

"न्या की आप्पा," अर्जुना म्हणाला. "तिथल्या खोलीत लय वर्सं कुलूप होतं. चालतंय का न्हाई, द्येव जाणं."

पंप चालत होता. तो काढून तवनाप्पांनी तिरका केला, आणि त्यातून पाणी आलं. ओंजळीच्या तळाएवढं. स्वच्छ, आणि हात मागं घ्यावा इतकं गार.

इतकी वर्षं बंद असलेल्या पंपात पाणी? ते क्षणभर थांबले. बसला असेल कुठंतरी ओलावा, म्हणून पुढं गेले.

दुसऱ्या कुणी ते पाणी मोरीत ओतलं असतं आणि ही गोष्ट तिथंच संपली असती. पण ज्या घरात पाणी गाळल्याशिवाय सांडतसुद्धा नाहीत, तिथल्या हाताला वळण वेगळं असतं. तवनाप्पांनी ते छन्न्यातून गाळलं. कापडावर जे राहतं ती जिवाणी. न दिसणारे बारीक जीव. ती जिथलं पाणी तिथंच परत सोडायची, असा नेम. कारण एका पाण्यातला जीव दुसऱ्या पाण्यात जगत नाही.

आता हे पाणी कोयनेचं. ओंजळभर पाण्यासाठी कोयनानगर गाठायचं? तवनाप्पांच्या डोक्यातला व्यापारी जागा झाला. कोयना कऱ्हाडला कृष्णेत मिळते, कृष्णा सांगलीच्या दारावरून जाते, आणि आडाचे झरे कृष्णेचेच. म्हणजे खातं एकच की! त्यांनी बुडाला कडी असलेली छोटी बादली दोरानं अलगद आडाच्या पाण्यापर्यंत सोडली आणि तिथं ती जिवाणी कलंडवली.

नेम पाळला गेला. निदान कागदावर तरी.

३

कोयनेचा पंप बसला, यंत्र चाललं, कॉफी आली. पण कप भरला नाही.

तवनाप्पा पाणी स्टीलच्या मापानं मोजून ओतायचे, हाडाची सवय. माप काठोकाठ ओतलं होतं. कॉफी परत मापात ओतली तर एक घोट कमी. टाकी कोरडी, नळ्या कोरड्या. कॅप्सूलमधल्या चोथ्यानं पाणी धरलं म्हणावं, तर पूर्वी धरायचा तो हिशेब वेगळा, आणि हा वरचा घोट वेगळा.

गळती असणार. त्यांनी यंत्राखाली कोरडी रांगोळी पसरली. दाणासुद्धा ओला झाला नाही. वाफ जात असेल म्हणून वर प्लास्टिकची पिशवी बांधली. पिशवीत दव धरलं नाही. आत कुठं मुरतंय म्हणून यंत्र दुकानातल्या काट्यावर चढवलं; आधीचं वजन आणि नंतरचं वजन सारखं. पाणी आत राहिलं नव्हतं, बाहेर सांडलं नव्हतं, हवेत गेलं नव्हतं.

"आवं," चंदनबाला बाहेरच्या खोलीतून म्हणाल्या, "सैपाकघरात कोण हाय तुमच्यासंगं?"

"कोण असणार? मी आणि हे यंत्र."

"मग पाणी कोण पिलं?"

"कोणी नाही पिलं."

"मला आयकू आलं की. तान्हेलं माणूस शेवटचा घोट घेतंय बघा, तसं."

तवनाप्पांनाही ऐकू आलं होतं. मोटर थांबल्यावर, कॉफीचा शेवटचा थेंब पडल्यावर, मधे एवढीशी शांतता, आणि मग तो आवाज. घुटुक. त्यांनी स्वतःला सांगितलं होतं, झडप बसली. पितळेची झडप मऊ बसते, तिचा आवाज तसाच होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉफी काढली, मोटर थांबताक्षणी प्लग उपसून हातात धरला आणि यंत्राला कान लावून बसले. यंत्र गप्प. कॉफी घोटानं कमी. आणि तो आवाज आला तो पाठीमागून, मोरीच्या उघड्या दारातून, परसातनं.

आडाकडनं.

४

जिद्दीच्या माणसाची एक गंमत असते. भ्यायच्या ऐवजी तो आधी चिडतो. तवनाप्पांनी मुंबईच्या एका माणसाकडून कोरा करकरीत पंप मागवला. कोयनेचा पंप काढून परसात एका कोपऱ्यात उन्हात ठेवला. कोरा पंप बसवला. कॉफी घोटानं कमीच.

मग पंप नाही. मग काय?

त्यांनी नळाचं पाणी मापून ओतलं. कॉफी बरोबर आली. परत नळाचं, परत बरोबर. मग आडाचं, गाळलेलं, चंदनबालांच्या हंड्यातलं. एक घोट कमी.

माप हातात तसंच धरून ते ओट्याशी उभे राहिले. बाहेरच्या खोलीत पितळी पेला फरशीवर टेकल्याचा आवाज झाला. चंदनबाला पाणी पीत होत्या.

आजवर ज्या रोगावर त्यांनी औषध शोधलं तो त्यांना यंत्राचा वाटला होता. आता कळलं, यंत्र फक्त रोग मोजत होतं.

ते बाहेर गेले. "चंदना, दोन दिवस नळाचं पाणी पिशील? आड उपसायचा विचार आहे. गाळ बसलाय."

"गाळ बसला तर मी दोनदा गाळीन."

"दोनच दिवस गं."

"व्रत म्हंजे काय तुमच्या दुकानातला डबा हाय व्हय? झाकण बसंना म्हणून बदलून द्यायला?" त्या हसल्या. मग त्यांचं हसू थोडं कमी झालं. "आडाला काय झालंय का? खरं सांगा. काय पडलंय त्यात?"

आता बघा, इथं माणूस अडकतो. आडात परकी जिवाणी सोडली, हे सांगितलं असतं तर चंदनबालांनी त्याच क्षणी पेला पालथा घातला असता. आड बाटला म्हणजे पाणी बंद. आणि दुसरं पाणी त्या घेणार नाहीत, हे जिनेंद्राच्या मूर्तीइतकं पक्कं. किती दिवस निभावतील?

"काही नाही पडलं," तवनाप्पा म्हणाले. "गाळच आहे."

"मग काढा की. मी कुठं नगं म्हणतीया?" असं म्हणून त्यांनी पेला उचलला आणि घोट घेतला.

५

सूर्य डोक्यावर आला की आडात ऊन सरळ खाली उतरतं आणि पाणी तळापर्यंत उजळतं. तवनाप्पा त्या वेळेला काठावर वाकले. वास नाही, तवंग नाही, काही पडलेलं नाही. खाली निळं आभाळ आणि आभाळात त्यांचं स्वतःचं तोंड: टक्कल, चष्मा, गळ्याखालची सैल कातडी.

त्यांचा घसा कोरडा पडला होता. तोंडात लाळ नव्हती, की ती गिळावी.

खाली, पाण्यातल्या तोंडाच्या गळ्यातली घाटी वर चढली आणि सावकाश खाली उतरली.

घुटुक.

लाटा नव्हत्या. वारा नव्हता. पाण्यातल्या तोंडानं ओठ एकावर एक दाबले, पिऊन झाल्यावर माणूस दाबतो तसे.

तवनाप्पा मागं सरले नाहीत. मागं सरलो तर परत वाकायला जमणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी काठाचा दगड घट्ट धरला आणि खाली बघत, उधारीवर आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसं शांतपणे म्हणाले, "चूक माझी आहे. तुमचं पाणी हे नव्हे. पोचवतो."

दुपारभर ते आड उपसत राहिले. प्रत्येक घागर छन्न्यातून गाळायची, छन्ना तांब्याच्या लोट्यावर उलटा करून थोड्याशा पाण्यानं धुवायचा, म्हणजे जिवाणी लोट्यात जमायची. शेजारचे रविराज भिंतीवरून डोकावले. "आप्पा, मोटर लावायची की. ह्या वयात व्यायाम काढलाय व्हय?"

"तुझ्या वहिनीचं पाणी आहे. त्याला हातच लागतो," तवनाप्पा म्हणाले.

उन्हं कलली तेव्हा त्यांनी आडाचं पाणी मापून यंत्रात ओतलं. कॉफी बरोबर आली. काठोकाठ.

लोट्याच्या तोंडाला त्यांनी कापड बांधलं. मग कोयनेचा तो पंपही पिशवीत घातला. जे जिथलं ते तिथं.

६

उजाडताच अर्जुनाची गाडी दाराशी आली. लोटा तवनाप्पांच्या मांडीवर. कऱ्हाड मागं पडलं, पाटण मागं पडलं, रस्ता वळणं घ्यायला लागला.

"आप्पा, लोट्यात गंगा हाय का काय? पोरासारखा धरलाय."

"तू समोर बघ."

"बघतोय की. पर मगाधरनं हे काय वाजतंय?"

तवनाप्पांनाही ते ऐकू येत होतं. त्यांनी कापड सोडून बघितलं. गळ्यापर्यंत भरलेलं पाणी पोटापर्यंत उतरलेलं होतं. कापड कोरडं, मांडी कोरडी, लोट्याचं बूड बाहेरून कोरडं.

"अर्जुना, जरा जोरात घे."

"घाट हाय, गड्या."

"मग घाटातल्यासारखं जोरात घे."

गेस्ट हाऊस म्हणजे चार खोल्या, पत्र्याचं छप्पर, पुढं वाढलेलं गवत. भाऊसो नावाचा म्हातारा राखणदार चुलीशी बसलेला. त्यानं अर्जुनाला ओळखलं.

"त्ये मशीन तुमीच न्येलं न्हवं?" तो म्हणाला. "लय ब्येस केलंत. आता झोप लागती."

"झोप लागायला काय झालं होतं?" तवनाप्पांनी विचारलं.

"खोलीतनं कुनीतरी पानी पिल्याचा आवाज यायचा की. कवा पन."

"मशीन कोण चालवायचं?"

भाऊसोनं त्यांच्याकडं नीट बघितलं. "शेट, हितली लाइट तोडून लय वर्सं झाली. चालवनार कशानं?"

"खोलीत पाणी कुठनं भरायचे?" तवनाप्पांनी एवढंच विचारलं. भाऊसोनं मागच्या बाजूला बोट केलं. दरडीच्या पायथ्याशी दगडात एक झरा होता, वर नेच्याची पानं वाकलेली. तवनाप्पा गुडघ्यावर बसले. पंप झऱ्याकाठच्या दगडावर ठेवला. लोटा पाण्याला टेकवून, वरून न ओतता, नेमानं जशी सोडायची तशी जिवाणी सोडली.

झऱ्यानं ती घेतली. आवाज झाला, पण या वेळचा वेगळा होता. बराच वेळ तहानलेलं माणूस आपल्या घरच्या माठातलं पितं तेव्हा होतो तसा. मग काही नाही. नुसतं पाणी वाहिल्याचं.

तवनाप्पांनी रिकामा लोटा उन्हात धरून आत बघितलं. तळ कोरडा होता. खातं मिटलं.

७

घरी पोचले तेव्हा दिवस थोडा शिल्लक होता. त्यांनी पाय धुतले, माप घेतलं, आडाचं पाणी ओतलं, बटण दाबलं. मोटर थांबली, शेवटचा थेंब पडला. शांतता. आणि शांतताच. कॉफी मापात ओतली, काठोकाठ.

"झालं का दुरुस्त?" चंदनबालांनी आतून विचारलं.

"झालं." इतकी गोड कॉफी त्यांनी कधी प्यायली नव्हती. कप घेऊन ते बाहेर येऊन बसले. ब्राह्मीचा फोन आला, तिला त्यांनी सांगितलं, "नवीन पाठवू नकोस. हेच नव्यासारखं झालंय." ती म्हणाली, "आप्पा, तुम्ही हरत नाही." ते म्हणाले, "हरायला आपण काय लिलावात उभे होतो?"

चंदनबालांनी मावळायच्या आधीचा शेवटचा पेला भरला. प्यायल्या. पेला पालथा घातला. "आजकाल पाणी लय गोड लागतंय बघा," त्या म्हणाल्या. "कितीबी पिलं तरी तहान जाईना. डॉक्टर खुश होतील."

"आजकाल म्हणजे कधीपासून?"

"तुमचं मशीन बिघडलं न्हवं का, तवापासनं."

दिवा लागला. त्या जपाला बसल्या. पाठ ताठ, डोळे मिटलेले, ओठ मिटलेले. मणी बोटांखालून सरकत होते. पालथा पेला बाजूला. घरात टीव्ही नव्हता, रस्त्यावर गाडी नव्हती.

घुटुक.

तवनाप्पांच्या हातातला कप तसाच राहिला. ते आडाकडं वळले नाहीत, यंत्राकडं वळले नाहीत. आवाज समोरून आला होता. चंदनबालांचे ओठ घट्ट मिटलेले होते. गळ्याची कातडी वर चढली आणि सावकाश खाली उतरली. मणी सरकायचा थांबला नाही. मग मिटलेले ओठ एकावर एक दाबले गेले. पिऊन झाल्यावर माणूस दाबतो तसे.

आड मोजला होता. यंत्र मोजलं होतं. लोटा मोजला होता. तेवढे दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत भरलं जाणारं घरातलं एक भांडं मात्र त्यांनी मोजलंच नव्हतं. आणि ते छन्न्यावर उलटं करता येण्यासारखं नव्हतं.

चंदनबालांनी डोळे उघडले. "आवं, असं काय बघताय?"

आयुष्यात कधी मापात पाप न केलेल्या त्या माणसानं कप खाली ठेवला, घसा खाकरला आणि तो हसला. "काही नाही. बरी दिसतेस."

ते अजून दुकानात बसतात. मिक्सर आणलात तर तेल घालून देतील, सासूचा किस्साही सांगतील. फक्त दिवस मावळायच्या आत दुकान बंद करून घरात येतात, बायकोच्या समोर बसतात आणि तिचा जप संपेपर्यंत मोठ्यानं काहीबाही बोलत राहतात, म्हणजे तिला स्वतःचं काही ऐकू येऊ नये. सकाळी कॉफीचं माप बरोबर भरतं. ते माप बघून मान डोलावतात.

तुम्हीही कधीतरी मिटलं म्हणून एखादं खातं बंद कराल. त्या दिवशी एवढं करा, हिशेब खरा ठेवा: जे भांडं मोजायला हात धजत नाही, आधी तेच मोजा.